डोलैरची लढाई नेमकी कुठे झाली?

एका जुन्या लॅटिन बखरीत जेमतेम दोन वाक्यं आहेत. कॉन्स्टंटाइन राजाच्या कारकिर्दीच्या चौदाव्या वर्षी डोलैर इथे डेन आणि स्कॉट (आयरिशच्या जवळची गेलिक भाषा बोलणारे लोक) यांच्यात लढाई झाली, स्कॉट मारले गेले, आणि मग नॉर्मन, म्हणजे उत्तरेकडून आलेले हेच डेन, अख्खं वर्षभर पिक्टांच्या देशात राहिले. संपलं. सैन्य किती होतं, पुढे कोण होता, लढाई दिवसभर चालली की घटकाभरात आटोपली, यातलं काहीही नाही. हिशेब करून साल निघतं इ.स. ८७५. जागेबद्दल हातात उरतो एकच शब्द: डोलैर.

आजच्या स्कॉटलंडमध्ये डॉलर नावाचं छोटं गाव आहे, एडिंबराच्या वायव्येला, ओकिल टेकड्यांच्या पायथ्याशी. अमेरिकेच्या चलनाशी या नावाचा संबंध नाही. चलनाचं नाव जर्मन ‘थालर’वरून आलं आहे. बखरीतलं डोलैर म्हणजे हेच डॉलर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण ते तसं का मानतात? तिथे कुणाला तलवारी सापडल्या नाहीत, हाडांचे ढीग सापडले नाहीत, ‘इथे लढाई झाली’ असं सांगणारा त्या काळचा शिलालेखही नाही. अकराशे वर्षांपूर्वीच्या लढाईची जागा एका शब्दावरून कशी ठरवतात, त्यातलं पक्कं किती आणि तर्क किती, हे नीट उलगडून सांगावं म्हणून हा लेख. विषय दूरचा आहे, पण ही पद्धत एकदा कळली की कुठल्याही जुन्या रणांगणाबद्दल वाचताना आपण वेगळे प्रश्न विचारू लागतो.

आधी माणसं समजून घेऊ.

फोर्थ नावाची नदी आणि तिची लांबलचक खाडी स्कॉटलंडला जवळजवळ मधोमध कापते. तिच्या उत्तरेला, मुख्यतः पूर्वेकडच्या सखल सुपीक पट्ट्यात, पिक्ट लोकांची राज्यं होती. ‘पिक्टी’ हा शब्द लॅटिन, अर्थ ‘रंगवलेले’. इ.स. २९७ मधल्या एका रोमन भाषणात तो पहिल्यांदा भेटतो. म्हणजे हे नाव रोमनांनी ठेवलेलं. पिक्टांची भाषा आजच्या वेल्श भाषेच्या कुळातली होती, आणि तिचे अवशेष गावांच्या नावांत अजून टिकून आहेत. पिटलॉक्री, पिटनवीम अशी ‘पिट’ने सुरू होणारी नावं नकाशावर दिसली की तिथे एके काळी पिक्टांची वस्ती आणि जमिनीची वाटणी होती असं समजायला हरकत नाही, कारण ‘पिट’ म्हणजे जमिनीचा वाटा. त्यांनी देखणे कोरीव दगड मागे ठेवले: घोडेस्वार, शिकारी, क्रूस, आणि ज्यांचा अर्थ आजही लागलेला नाही अशी चिन्हं. राजांच्या याद्याही ठेवल्या. पण आपल्या लढायांची कहाणी त्यांच्या स्वतःच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेली नाही. पिक्टांबद्दल आपण जे वाचतो ते जवळपास सगळं शेजाऱ्यांनी किंवा नंतरच्यांनी लिहिलेलं आहे, आणि पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

आता डेन. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे आजचा डेन्मार्क येतो. नवव्या शतकात लिहिणाऱ्या इंग्रज भिक्षूच्या लेखी मात्र समुद्रावरून येणारा, क्रूसाला न मानणारा कुठलाही लुटारू ‘डेन’ असू शकत होता. त्याचं गाव आजच्या नॉर्वेत होतं की डेन्मार्कमध्ये, याची चौकशी तो करत बसत नसे. आपल्याकडेही हे घडलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांची नावं एका दमात येतात: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, ‘डिंगमारादि टोपीकर’. हे डिंगमार म्हणजेच डेन. तिथे लिहिणाऱ्याला प्रत्येकाचं वेगळं नाव ठाऊक आहे आणि सगळ्यांना मिळून ‘टोपीकर’ हा एक शब्दही आहे. नवव्या शतकातल्या युरोपात ‘डेन’ हा शब्द कधी डिंगमारासारखा नेमका असतो, कधी टोपीकरासारखा सरसकट. कुठल्या पानावर तो कोणत्या अर्थाने आलाय, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासावं लागतं.

मग या लढाईबद्दल कोण काय सांगतं?

पहिली साक्ष आयर्लंडची, अल्स्टरच्या शकावलीची. शकावली हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. जेधे शकावली ज्यांनी चाळली असेल त्यांना हा प्रकार चटकन कळेल: साल, एक ओळ, पुढचं साल, पुढची ओळ. आयरिश मठांमधले भिक्षू अशा नोंदी पिढ्यान्‌पिढ्या करत आले. ८७५ सालाखाली तिथे नोंद आहे की पिक्टांची दुभगालांशी गाठ पडली आणि पिक्टांची मोठी कत्तल झाली. दुभगाल म्हणजे ‘काळे परके’. आयरिश लोक वायकिंगांचे दोन गट करत, काळे परके आणि गोरे परके. पूर्वी शिकवत की काळे म्हणजे डेन आणि गोरे म्हणजे नॉर्वेजियन. आज बऱ्याच अभ्यासकांना हे पटत नाही. हा भेद देशाचा नसून आधी आलेले आणि नंतर आलेले असा, किंवा कोण कोणत्या घराण्याच्या निशाणाखाली लढतो यावरून पडलेला असावा, असं त्यांचं म्हणणं आहे. मला हेच जास्त पटतं, कारण लांबून शिडं दिसताच पळ काढणाऱ्या माणसाला त्या जहाजावरच्यांच्या मातृभूमीशी काय देणंघेणं? ते कुणाची माणसं आहेत, एवढंच त्याला कळायला हवं असतं.

शकावलीत जागेचं नाव नाही.

दुसरी साक्ष इंग्लंडची, अँग्लो-सॅक्सन बखरीची, जुन्या इंग्रजीत लिहिलेली. वायकिंगांचं एक मोठं सैन्य ८६५ पासून इंग्लंडमध्ये धुमाकूळ घालत होतं. ८७३-७४ चा हिवाळा त्यांनी रेप्टन इथे काढला आणि मग सैन्याचे दोन भाग झाले. एक भाग दक्षिणेकडे गेला. दुसरा हाफडान नावाच्या म्होरक्याबरोबर उत्तरेला टाइन नदीवर गेला, तिथे हिवाळी तळ ठोकला, आजूबाजूचा मुलूख ताब्यात घेतला, आणि तिथून पिक्टांवर आणि नैऋत्येकडच्या स्ट्रॅथक्लाइड राज्यातल्या ब्रिटनांवर वारंवार छापे घातले. सालही तेच, ८७५. या बखरीतही डोलैर नाही, पण हल्लेखोर कोण आणि ते कुठून निघाले असावेत, याचा पत्ता लागतो. दोन वर्षांनी आयरिश शकावलीत ‘काळ्या परधर्मीयांचा राजा अल्बान’ गोऱ्यांशी झालेल्या चकमकीत पडल्याची नोंद येते. अल्बान हे हाफडानचंच आयरिश रूप मानलं जातं. धागे जुळायला लागतात.

तिसरी साक्ष म्हणजे सुरुवातीला सांगितलेली लॅटिन बखर, आल्बाच्या राजांची (आल्बा हे स्कॉटलंडचं गेलिक नाव). जागेचं नाव फक्त तीच देते, म्हणून तिच्याकडे जरा जवळून पाहू. ती मूळ रूपात उरलेली नाही. तिची एकच नक्कल आपल्यापर्यंत आली आहे, तीही चौदाव्या शतकात यॉर्कमध्ये केलेली, आणि आज ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. म्हणजे लढाई आणि आपल्या हातातला कागद यांच्यात जवळपास पाचशे वर्षांचं अंतर. नक्कल करणाऱ्याला गेलिक भाषा येत नसावी, कारण गेलिक नावांची त्याने जागोजाग मोडतोड केली आहे. याच वाक्यात त्याचा नमुना सापडतो. स्कॉट ‘को’ अमुक ठिकाण मारले गेले, असं तिथे आहे. सगळं वाक्य लॅटिन, आणि मधेच हा ‘को’ गेलिक, अर्थ ‘पर्यंत’. मूळ लिहिणारा गेलिक बोलणारा होता आणि लॅटिन लिहिता लिहिता त्याच्या तोंडचा शब्द कागदावर उतरला, हे त्या दोन अक्षरांत दिसतं. त्यापुढचं ठिकाणाचं नाव मात्र नकलेत इतकं बिघडलं आहे की सरळ वाचलं तर अर्थच लागत नाही. काही जण ते अ‍ॅथॉल असं दुरुस्त करून वाचतात. अ‍ॅथॉल हा डॉलरच्या बऱ्याच उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख. तसं असेल तर डोलैरला फळी फुटली आणि पुढे कित्येक कोस पाठलाग आणि कापाकापी चालली, असं चित्र उभं राहतं. पण ते चित्र एका दुरुस्त केलेल्या शब्दावर टेकलेलं आहे, हे विसरून चालणार नाही.

डोलैर हे नाव मात्र साफ आहे, आणि डॉलर गावाच्या नावाशी जुळतं. ‘डोल’ हा पिक्ट आणि वेल्श यांच्या भाषाकुळातला शब्द, अर्थ नदीकाठचं सपाट कुरण. डॉलर गाव वसलंय ते डेव्हन नदीच्या काठच्या अशाच सपाटीवर. गावाच्या वर, दोन ओढ्यांच्या बेचक्यात, कॅसल कॅम्पबेल नावाचा किल्ला आहे. त्या ओढ्यांची नावं ‘दुःखाचा ओढा’ आणि ‘चिंतेचा ओढा’, आणि किल्ल्याचं जुनं नाव होतं ‘कॅसल ग्लूम’, उदासगड म्हणा हवं तर. एवढं एका जागी जुळून आल्यावर गावाचं नाव ‘डोलर’ म्हणजे शोक यावरून पडलं असं लोक सांगू लागले यात नवल नाही. पण किल्ला पंधराव्या शतकातला आहे आणि गावाचं नाव त्याच्याआधी कित्येक शतकांचं. कुरणावरून पडलेलं नाव ऐकायला साधं वाटतं, पण जमिनीशी जुळतं ते तेच.

तीन साक्षी एकमेकींच्या शेजारी ठेवल्या की अजून एक गोष्ट डोळ्यांत भरते. आयरिश नोंदीत मरणारे पिक्ट आहेत, लॅटिन बखरीत स्कॉट. साल एक, शत्रू एक. मग या दोन लढाया की एकच?

एकच, असं आज बहुतेक जण म्हणतात, आणि त्यामागचं कारण या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. कॉन्स्टंटाइन हा केनेथ मॅकअल्पिनचा मुलगा. याच केनेथने ८४३ च्या सुमारास पिक्टांना जिंकून स्कॉटांचं राज्य उभं केलं, असं शाळकरी इतिहास सांगत आला. पण केनेथ ८५८ मध्ये वारला तेव्हा अल्स्टरच्या शकावलीने त्याला ‘पिक्टांचा राजा’ म्हटलं. त्याचा भाऊ, ‘पिक्टांचा राजा’. ८७६ मध्ये कॉन्स्टंटाइन गेला, तोही ‘पिक्टांचा राजा’. त्याचा भाऊ एड ८७८ मध्ये आपल्याच माणसांच्या हातून मारला गेला, आणि शकावलीच्या लेखी तोही पिक्टांचाच राजा होता. मग ९०० साली कॉन्स्टंटाइनचा मुलगा डॉनल्ड मेल्याची नोंद येते आणि बिरुद बदलतं: ‘आल्बाचा राजा’. त्यानंतर पिक्टांचा राजा कुठेच नाही. लॅटिन बखर या बदलानंतर रचली गेली. तिच्या कर्त्याला आपले पूर्वज स्कॉट वाटत होते, म्हणून त्याने ८७५ च्या मेलेल्यांनाही स्कॉट केलं. कुरणावर पडलेली माणसं तीच होती. त्यांचं नाव नंतर बदललं. म्हणून ‘पिक्ट आणि डेन यांची लढाई’ आणि ‘स्कॉट आणि डेन यांची लढाई’ अशा दोन पाट्या दिसल्या तर त्या दोन जागा शोधायला लावतीलच असं नाही.

आता जमीन. शब्द जुळला म्हणून लढाई तिथेच झाली असं होत नाही. सैन्य तिथे कशाला येईल हेही पटायला हवं. नकाशा समोर ठेवला तर पटतं. ओकिल टेकड्यांची दक्षिणेकडची बाजू कड्यासारखी सरळ उठते. डॉलरच्या मागची शिखरं सहाशे मीटरहून उंच आहेत आणि गाव जवळजवळ तळाशी. दक्षिणेला फोर्थची खाडी, तिच्या काठचा दलदलीचा सखल पट्टा. डोंगर आणि दलदल यांच्यामध्ये चालण्याजोगी जी चिंचोळी वाट उरते, तिच्यावर डॉलर आहे. फोर्थ ओलांडायची सोयीची जागा स्टर्लिंगला, तिथून डॉलर सरळ रेषेत सतराएक किलोमीटर. समुद्राने यायचं तर खाडीतून जहाजं वर आणता येतात, आणि डेव्हन नदी पुढे त्याच खाडीला मिळते. टेकड्यांच्या पलीकडे स्ट्रॅथअर्न, आणि तिथे फोर्टेव्हिअट, जिथल्या वाड्यात केनेथने प्राण सोडला. डॉलरपासून फोर्टेव्हिअट वीसेक किलोमीटर. राजाच्या दाराशी जाणारी ही वाट आहे, आणि ती अडवायची तर अशाच अरुंद जागी अडवणार.

या पट्ट्याचा पुढचा-मागचा इतिहासही तेच सांगतो. ७११ मध्ये पिक्टांचा याच बाजूला, मनाऊच्या मैदानात, नॉर्थंब्रिया या उत्तर इंग्लंडमधल्या राज्याच्या सॅक्सनांनी पराभव केला. डॉलरच्या जिल्ह्याचं नाव क्लॅकमॅनन. म्हणजे ‘मनाऊचा दगड’. पुढे १२९७ मध्ये स्टर्लिंगच्या पुलाची लढाई, १३१४ मध्ये बॅनकबर्न, १७१५ मध्ये शेरिफमूर. या तिन्ही जागा डॉलरपासून वीस किलोमीटरच्या आत आहेत. हजार वर्षांत शस्त्रं बदलली, झेंडे बदलले, पण डोंगर आणि दलदल होती तिथेच राहिली, आणि सैन्यं पुन्हा पुन्हा त्याच फटीत सापडली. डॉलरच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद मला दिसत नाही.

इथे सावध करणारी एक गोष्ट सांगायला हवी. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर ‘इथे डेनांची लढाई झाली’ असं सांगणारी गावं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक कागदावर टिकत नाहीत. अँगसमध्ये बॅरी गावाजवळ कॅमस क्रॉस नावाचा कोरीव क्रूस उभा आहे. कॅमस नावाचा डेन सेनापती १०१० मध्ये इथे पडला आणि त्याच्या स्मरणार्थ हा क्रूस, अशी कथा. पर्थजवळच्या लंकार्टीची कथा तर आणखी रंगतदार: हे नावाचा शेतकरी आणि त्याचे दोन मुलगे नांगरत होते, सैन्य पळताना पाहून त्यांनी बैलांच्या मानेवरचं जू उपसलं, ते घेऊन वाट अडवली आणि डेनांना परतवलं. या कथांना आज आपण वाचतो ते घाट हेक्टर बोएस या विद्वानाने दिले, आणि त्याचा इतिहास छापला गेला १५२७ मध्ये, म्हणजे या कथित लढायांनंतर पाचशे वर्षांनी. जुन्या नोंदींत त्यांचा मागमूस नाही. कॅमस हा सेनापती बहुधा जागेच्या नावातूनच जन्मला. शेतात जुनी थडगी सापडली की त्यात डेन सैनिक आहेत, असं मग आपोआप ठरून जाई, मग ती थडगी त्याच्या कितीतरी आधीची का असेनात.

फॉरेसजवळचा स्वेनोचा दगड या बाबतीत सगळ्यांत शिकवून जातो. सुमारे साडेसहा मीटर उंचीची एकच शिळा, एका बाजूला भला मोठा क्रूस, दुसऱ्या बाजूला वरपासून खालपर्यंत लढाई: घोडेस्वारांच्या रांगा, पायदळ, आणि शिरच्छेद झालेल्या धडांच्या ओळी, मुंडकी वेगळी रचलेली. पावसापाण्यापासून जपायला तिच्याभोवती आता काचेची मोठी पेटी आहे. हे कोरीवकाम नवव्या-दहाव्या शतकातलं. ‘स्वेनो’ हे नाव डेन राजा स्वेनवरून, पण तो मेला १०१४ मध्ये आणि त्याचं नाव या दगडाला नंतरच्या काळातल्या हौशी संशोधकांनी चिकटवलं. तरी ती लढाई कुठली? कुणी म्हणतं पिक्ट आणि वायकिंग, कुणी म्हणतं केनेथच्या घराण्याचा विजय, कुणी म्हणतं ९६६ मध्ये याच भागात मारल्या गेलेल्या डब राजाची आठवण. दगडावर एकही नाव नाही. इतकं स्पष्ट, इतकं रक्ताळलेलं चित्र समोर असूनही कोण कुणाला मारतंय हे कळत नाही. डोलैरला याच्या उलट आहे: नाव आहे, चित्र नाही.

आणि पक्क्या वाटणाऱ्या जागाही हलतात. ६८५ मध्ये पिक्टांनी नॉर्थंब्रियाच्या राजाला ठार केलं, ती लढाई अँगसमधल्या डनिकन इथे झाली असं दीर्घकाळ मानलं जात होतं. ॲलेक्स वुल्फ या इतिहासकाराने २००६ मध्ये दाखवलं की जुनी वर्णनं खूप उत्तरेकडच्या, डोंगरातल्या डनाख्टनलाही लागू पडतात. त्याच लेखात त्याने पिक्टांचं सगळ्यात बलाढ्य राज्य, फोर्ट्रिउ, स्ट्रॅथअर्नमधून उचलून उत्तरेकडच्या मरे फर्थ या खाडीच्या बाजूला नेऊन ठेवलं, आणि बहुतेकांना ते पटलं. फोर्ट्रिउच्या लोकांचा ८३९ मध्ये वायकिंगांनी धुव्वा उडवला, राजा आणि त्याचा भाऊ दोघेही पडले. ती लढाई दक्षिणेला शोधणारे सगळे एका लेखानंतर उत्तरेकडे पाहू लागले. एका राज्याचं नाव नकाशावर सरकलं की त्याच्याबरोबर लढायाही सरकतात.

मग सरळ खणून का बघत नाहीत? कारण लढाई मातीत फार कमी ठेवून जाते. ती काही तासांची असते. लोखंड महाग, जिंकणारे तलवार, भाला, ढालीचा मधला लोखंडी बोंड, सगळं गोळा करून नेतात. स्कॉटलंडची बरीचशी माती आम्लयुक्त, तिच्यात हाडं विरघळून जातात. सैन्यंही आपण समजतो तेवढी मोठी नसत. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याच्या इने राजाच्या सातव्या शतकातल्या कायद्यात पस्तीसपेक्षा जास्त माणसांच्या टोळीला ‘सैन्य’ म्हटलं आहे. डोलैरला याहून कितीतरी जास्त असतील, पण हजारोंच्या फौजा डोळ्यांपुढे आणून उत्खनन करायला गेलं तर पदरी निराशा येणार.

छावणीचं तसं नसतं. तिथे माणसं महिनोन्‌महिने राहतात, जेवतात, खेळतात, वस्तू हरवतात, मरतात. हाफडानच्या सैन्याने जिथे हिवाळा काढला त्या रेप्टनला मार्टिन बिडल आणि बिर्थ कोल्बी-बिडल यांच्या उत्खननात एका ढिगाऱ्याखाली किमान २६४ माणसांची हाडं मिळाली, बहुतेक पुरुषांची, आणि त्यांच्यात ८७० च्या दशकातली नाणी. अडचण एकच होती. कार्बनच्या चाचणीत यातली बरीच हाडं शंभर-दोनशे वर्षं जास्त जुनी निघत. कोडं सुटलं २०१८ मध्ये, आणि उत्तर त्यांच्या जेवणात होतं. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जमिनीवरच्यापेक्षा ‘म्हातारा’ असतो. जो माणूस भरपूर मासे खातो त्याच्या हाडांत तो म्हातारा कार्बन उतरतो आणि चाचणी त्याला त्याच्या खऱ्या काळाहून जुना ठरवते. हा फरक वजा केल्यावर ती हाडं वायकिंगांच्या हिवाळ्याशी जुळली. याच सैन्याचा त्याआधीचा, ८७२-७३ चा तळ टॉर्क्सी इथे होता. तिथल्या नांगरलेल्या शेतांत शिशाच्या सोंगट्या, वजनं, तोडलेल्या चांदीचे तुकडे, आणि शंभराहून जास्त अरबी दिरहम सापडले. बगदादच्या बाजूची चांदी, अरबी अक्षरांसकट, इंग्लंडच्या एका ओल्या शेतात.

म्हणून मला वाटतं, डोलैरबद्दलच्या त्या दोन वाक्यांतलं दुसरं वाक्य जास्त मोलाचं आहे. ‘अख्खं वर्ष पिक्टांच्या देशात राहिले.’ वर्षभर राहिलेलं सैन्य कुठेतरी तळ ठोकून होतं. त्याला धान्य लागलं, गुरं लागली, जहाजं लावायला जागा लागली, म्हणजे तळ बहुधा फोर्थ किंवा टे नदीच्या खाडीजवळ, पाणी खोल आणि शेती चांगली असेल अशा ठिकाणी असणार. तो तळ अजून कुणाला सापडलेला नाही. डॉलरच्या कुरणात तलवार शोधण्यापेक्षा या दोन खाड्यांच्या काठची नांगरलेली शेतं पावलापावलाने तपासणं जास्त फलदायी ठरेल. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे अशी सापडलेली वस्तू कळवावीच लागते, सरकार तिच्यावर हक्क सांगू शकतं आणि मग ती संग्रहालयात जाते. त्यामुळे एखाद्या हौशी माणसाच्या धातुशोधकाखाली ती आली तरी तिची जागा नोंदली जाण्याची चांगली शक्यता आहे. काय शोधायचं तेही आता ठाऊक आहे: अंगठ्याच्या पेराएवढी शिशाची सोंगटी, तळ सपाट, वर गोलसर, मातीत राखाडी पडलेली, पहिल्या नजरेत गोटा वाटावा अशी.